कंडक्टरची वळकटी

२०२४ साल. मी शहात्तर वर्षांचा होतो आणि रत्नागिरीच्या एसटी स्टँडवरची झाडून सगळी कुत्री मला ओळखत होती. माणसंही ओळखायची, पण कुत्र्यांची ओळख जास्त पक्की, कारण माझ्या खिशात बेकरीचे कडक बटर असायचे. माणसं नुसतंच विचारायची, "काय बाबा, कुठं चाललात?" मी म्हणायचो, "कुठं नाय." ते खरंच होतं. मी जायला येत नव्हतो, गाड्या बघायला येत होतो.

मी गवंडी. शाळा तिसरीपर्यंत, तीही पावसाळे वगळून. पुढची पंचेचाळीस वर्षं जांभ्याचे चिरे रचले. ह्या तालुक्यात माझ्या हातच्या किती भिंती आहेत ते मलाच माहीत नाही, पण त्यातली एकही आपणहून पडलेली नाही. एक पडली, ती जेसीबीने पाडली. त्यात भिंतीचा दोष नव्हता.

पंचाहत्तरी उलटली आणि एसटीचं तिकीट मला माफ झालं. बायकांना अर्धं. त्यावर आमची ही एके दिवशी तांदूळ निवडताना म्हणाली, "जन्मभर लोकांची घरं बांधलीत. मला कधी कुठचा समुद्र दाखवलात?"

"समुद्र? अगो, रत्नागिरीत राहतेस तू."

"तो रोजचा. मला दुसरीकडचा बघायचाय."

समुद्र सगळीकडे सारखाच असतो, पाणी ते पाणी, हे मी तिला समजावलं. ती म्हणाली, "मग भिंतीपण सगळीकडे सारख्याच." दुसऱ्या दिवशी मी एक लांबडी वही आणली आणि सहली आखायला घेतल्या. सकाळी जायचं, डोळे भरून बघायचं, संध्याकाळी परत. एसटीने, दोघांनीच.

वहीबद्दल सांगतो, कारण पुष्कळ लोक त्या वहीला हसलेत. मला वाचता येतं. लिहायचा कंटाळा येतो, ही गोष्ट वेगळी. म्हणून मी गावांची चित्रं काढायचो. पालीला बाजाराची टोपली. समुद्र असेल तर लाट, देऊळ असेल तर कळस. वेळेसाठी घड्याळ काढून त्यात काटे. माझा मुलगा म्हणाला, "बाबा, ही वही सापडली तर पोलीस तुम्हाला चोर समजून धरतील." त्याला दहावीत चित्रकलेत पस्तीस मार्क होते, तेही मास्तरांच्या दयेने.

आणि माझा एकच नियम: कुणाला विचारायचं नाही. चौकशीची खिडकी असते, मला माहीत आहे. ती ज्यांना डोळे नाहीत त्यांच्यासाठी. गवंडी दुसऱ्याने सांगितलेल्या मापावर भिंत उभी करत नाही, स्वतः दोरी धरतो. मी बाकावर बसायचो. गाडी सुटली की वेळ टिपायची, परत आली की वेळ टिपायची. मधल्या वेळाचं अर्धं केलं की गाव किती लांब ते आलं. एखादी गाडी जाताना दिसली आणि येताना दिसली नाही, तर मी जेवायला घरी गेलेलो असणार, असं धरायचं आणि हिशेब पुरा करायचा. कारण वर गेलेलं घमेलं खाली येतंच. पंचेचाळीस वर्षांत मी परांचीवर राहून गेलेलं घमेलं पाहिलेलं नाही. तशीच एसटी. गेली गाडी परत येते.

अशा आमच्या तीन-चार सहली झाल्या. पालीला गेलो, पावसला गेलो. गाडीत ही समुद्राच्या बाजूची खिडकी धरायची आणि मी दुसऱ्या बाजूची. ती म्हणायची, "अहो, बघा, होड्या बघा!" मी म्हणायचो, "तू हा गडगा बघ. कुणी रचलाय कुणास ठाऊक, पण दोरीत आहे." दोघंही खूश असायचो.

वहीचं एक पान मात्र मी फुली मारून ठेवलं होतं. आंजर्ल्याचं. कड्यावरचा गणपती बघायचा, हे हिच्या मनात लहानपणापासून. तिची आत्या जाऊन आली होती आणि मरेपर्यंत त्याच्याच गोष्टी सांगत होती. मी तीनदा हिशेब केला. रत्नागिरीहून दापोली, तिथून आंजर्लं, मग चढण, दर्शन, उतरण आणि परत. बसेना. "होत नाय," मी हिला सांगितलं. "गणपतीचा दोष नाय, माझाही नाय. दिवसच लहान आहे."

मग एकदा घोटाळा झाला. परतताना वाटेत मला एक भिंत दिसली, जरा पोट काढलेली. जवळून बघायला म्हणून उतरलो, हीपण उतरली, आणि गाडी गेली. पुढच्या गाडीने घरी पोचायला साडेनऊ वाजले. मुलगा दारात उभा. तो एका ऑफिसात कारकून आहे आणि घरातही फाईल उघडल्यासारखा बोलतो.

"बाबा, साडेआठच्या आत घरी. ह्यापुढे एकदा जरी उशीर झाला, तर दोघांनीच फिरणं बंद. कुठं जायचं असेल तर मी सुट्टी बघून गाडी ठरवीन, सगळे मिळून जाऊ."

"बघू," मी म्हटलं.

"बघू नाय. हो म्हणा."

सगळे मिळून म्हणजे काय ते आम्हाला माहीत होतं. वर्षातून एकदा, दिवाळीनंतर. काचा बंद, नातवंडांच्या ओकाऱ्या, आणि कुठं उतरायचं ते ड्रायव्हर ठरवणार. विळीवरचा हिचा हात थांबला. भेंडी अर्धीच चिरलेली राहिली. मी "हो" म्हटलं. माझ्यासाठी नाही. मी बाकावर बसूनही दिवस काढला असता.

तर आता ते गाव. त्याचं नाव मी लिहीत नाही, नाहीतर तुम्ही सगळे तिथं जाल. खाडीच्या तोंडावर आहे, रत्नागिरीहून एसटीने दीड तास. माझ्या टिपणाप्रमाणे सकाळी साडेआठला गाडी होती, ती साडेअकराला परत यायची आणि दुसऱ्या फेरीला दुपारी एकला तिकडून परत फिरायची. मी म्हटलं, एकच्या गाडीने येऊ. ही म्हणाली, "छे, मला सूर्य बुडताना बघायचाय." मग मी संध्याकाळच्या गाडीवर नजर ठेवली. पाचला सुटायची. सलग चार दिवस बघितली, पाच म्हणजे पाच. दीड तास जायला, साडेसहा. तिथं उभ्या उभ्या फिरायची, दीड तास यायला, आठ. मुलाच्या साडेआठला अर्धा तास राखून. ओळंब्यात बसलेला हिशेब.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर मी हिला सांगितलं, "वेळेची गाडी आहे. फक्त कंडक्टर जरा नाजूक. दीड तासाच्या प्रवासाला वळकटी घेऊन चढतो."

तिने मान वर केली. "वळकटी?"

"हो. सतरंजी गुंडाळलेली, आत उशी. आणि डबा तरी केवढा, चार पुडांचा! आमच्या वेळची माणसं एका भाकरीवर कोल्हापूर गाठायची."

"दात घासायचा ब्रश?"

"तोपण. शर्टाच्या खिशात, पेनाच्या शेजारी. एवढी काय स्वच्छतेची हौस!"

हिने पदराने हात पुसले. मग म्हणाली, "मग तिथंच जाऊया." मला वाटलं, हिला माझा हिशेब पटला. मी वही मिटली.

शिमग्याच्या आधीचे दिवस होते. सकाळी निघताना हिने माझ्या हातात पिशवी दिली, ती उचलताना माझा खांदा खाली गेला.

"अगो, एका दिवसाला एवढी पिशवी? काय भरलंयस काय?"

"भाकऱ्या."

"कितीजणांच्या?"

"लागतील तेवढ्या. तुम्हाला जड होत असेल तर मी घेते."

आता ह्यानंतर पिशवी खाली ठेवणारा माणूस मी नव्हे. दिवसभर वागवली.

गाडीत मी माझं कार्ड दाखवलं आणि शून्याचं तिकीट घेतलं. ही शून्याची तिकिटं मी सगळी जपून ठेवतो. गाडी वळणं घेत खाली गावात जाते, पण आम्ही वर सड्यावरच उतरलो; सडा म्हणजे लाल, उघडा, तापलेला कातळ. सड्यावरून पायऱ्यांची पाखाडी खाली जाते. खाली देऊळ, देवळाभोवती सुरंगीची झाडं, आणि त्या दिवसांत सुरंगी फुललेली. वास एवढा की हिला देवळात पाऊल टाकायचंच भान राहिना. देवळाच्या पलीकडे पुळण, आणि ती बघायला सबंध किनाऱ्यावर आम्ही दोघं आणि एक बैल.

ही पाण्यात गेली. घोट्यापर्यंत, मग लुगडं जरा वर धरून पोटऱ्यांपर्यंत. लाट आली की मागे यायची, लाट गेली की तिच्या मागोमाग जायची, सत्तर वर्षांची बाई. मी तिला ओरडून सांगितलं, "पडशील!" ती तिकडून ओरडली, "पडले तर पाण्यातच पडेन!" मग मी देवळाचं कुंपण तपासायला गेलो. नवं होतं आणि फार वाईट होतं. सांध्यावर सांधा आणून ठेवलेला, वरपासून खालपर्यंत एक सरळ चीर. असं काम करणाऱ्याला माझ्या गुरूने थापीने मारलं असतं. मी तासभर ते बघत होतो. तेवढ्यात ही देवळामागच्या घरातल्या बाईशी बोलत बसलेली मला दिसली. बायका बोलतात, त्यात नवल काय?

साडेसहाला पाच मिनिटं असताना गाडी सड्यावरून उतरताना दिसली. मी हिला म्हटलं, "बघितलंस? ह्याला हिशेब म्हणतात." ही थांब्याजवळच्या कट्ट्यावर पश्चिमेकडे तोंड करून बसली होती. "तुम्ही व्हा पुढं," म्हणाली.

गाडी थांबली. माणसं उतरली, बाजाराच्या पिशव्या उतरल्या, एक कोंबडा उतरला. मी चढलो. खिडकीजवळची दोघांची जागा धरली, पिशवी ठेवली. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. ठीक आहे, इंजिनालाही दम खायला हवा. मग त्याने सीटखालून बादली काढली. टॉवेल काढला आणि डोक्याला गुंडाळला. कंडक्टर वळकटी काखेत मारून उतरायला लागला, तेव्हा मात्र मी म्हटलं, "मास्तर, घंटा द्या की."

"कसली घंटा, बाबा?"

"गाडी सुटायची."

"सुटेल की. सकाळी सहाला."

"सकाळी? अहो, आता साडेसहा वाजले!"

"तेच की. ही वस्तीची गाडी. रात्री इथं झोपते, सकाळी उठून जाते."

"गाडी झोपते?"

"गाडी झोपते, आम्ही झोपतो. तुम्ही कुणाकडं आलायत, बाबा?"

मी उभा राहिलो. छातीवर हात ठेवून सांगितलं, "मी शहात्तर वर्षांचा आहे. एवढ्या वर्षांत गेलेली गाडी परत आली नाय, असं मी बघितलेलं नाय!"

"येते की ओ," तो म्हणाला. "मी कुठं नाय म्हणतोय? सकाळी साडेसातला रत्नागिरीत असतो आम्ही."

ड्रायव्हर बादलीत तोंड घालून हसत होता. मी पिशवी उचलली आणि खाली उतरलो. पायऱ्या तीनच, पण मला तीस वाटल्या. रत्नागिरी दीड तासावर, साडेआठला दोन तास, आणि मुलगा दारात उभा राहणार. मला भेंडी दिसत होती, अर्धी चिरलेली. माझ्यामुळे हिचं फिरणं संपलं. एका वळकटीवरून, जी मी स्वतःच्या डोळ्यांनी चार दिवस बघितली होती आणि हसलो होतो.

कट्ट्यापाशी गेलो. "अगो, ऐकलंस काय..."

"थांबा वाईच," ती म्हणाली. "अर्धा बुडालाय."

मी थांबलो. घाम पुसत, पिशवी धरून, सूर्य पुरता बुडेपर्यंत थांबलो. सूर्य एरवी किती झटकन जातो! त्या दिवशी त्याला कुणी तरी धरून ठेवलं होतं. शेवटी गेला.

"गाडी नाय," मी म्हटलं.

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"वस्तीची आहे. वळकटी म्हणालात, तेव्हाच कळलं. ब्रश म्हणालात तेव्हा खात्री झाली." मग सुरंगीचा एक वळेसर होता तिच्या हातात, तो नीट करत म्हणाली, "माझ्या माहेरी यायची की वस्तीची गाडी. कंडक्टर आमच्याच पडवीत निजायचा. आई त्याला सकाळी चुलीवरचं गरम पाणी द्यायची."

"मग बोललीस का नाय?"

"तुम्ही वही मिटलीत ना."

तेवढ्यात तिच्या कनवटीत फोन वाजला. फोन तिच्याजवळ आहे हेही मला त्याच वेळी कळलं. सुनेने दिला होता. मुलगा बोलत होता.

"हो रे, आहोत बरे," ही म्हणाली. "उद्या सकाळच्या गाडीने येतो... राहायला काय झालं, देवळामागं घर आहे, त्या बाईंशी बोललेय मी... अरे, ह्यांनीच आखलंय सगळं. वहीत आहे." आणि फोन माझ्या कानाला लावला.

मुलगा म्हणाला, "बाबा, तिथं मुक्काम करणार, हे मला का नाय सांगितलंत?"

मी कुठल्या भिंतीबद्दल आजवर खोटं बोललेलो नाही. समोर ही बसलेली, ओले पाय हलवत. मी जरा विचार केला आणि म्हटलं, "तू विचारलं नायस."

तिकडे मागून सुनेचं हसणं ऐकू आलं. "अहो, आईंनी मला काल सांगितलं होतं. बाबांच्या गोळ्या मीच बांधून दिल्या." म्हणजे घरात सगळ्यांना माहीत होतं, एक मी आणि एक माझा मुलगा सोडून. तो माझ्यावर गेलाय, असं लोक म्हणतात ते खोटं नाही.

"आणि साडेआठचं काय?" त्याने विचारलं.

"साडेआठच्या कितीतरी आत आम्ही मुक्कामाला आहोत," मी म्हटलं.

त्याने तिकडे सुनेला "हसू नकोस" म्हटलं. मग म्हणाला, "बरं. पुढच्या वेळी आधी सांगून जा."

पुढच्या वेळी! मी फोन हिच्याकडे दिला. तिने तो शब्द ऐकला होता. वळेसर केसांत माळला आणि म्हणाली, "चला, पिशवी उचला."

देवळामागच्या घरात पिशवी उघडली. आतून निघालं ते असं: चादरी दोन, माझा पंचा, माझी बंडी, तिचं दुसरं लुगडं, गोळ्या, बॅटरी, राखुंडीची डबी, आणि तळाला चार भाकऱ्या. म्हणजे दिवसभर मी स्वतःचं अंथरूण खांद्यावर घेऊन त्या गावात फिरलो होतो, आणि वळकटीवाला म्हणून कंडक्टरला हसलो होतो. कंडक्टरची वस्तीही त्याच घराच्या पडवीत; तो बसून बघत होता. "बाबा, उशी नाय आणलीत?" म्हणाला. मी त्याच्याकडे पाठ करून चादर झटकली. जेवताना त्याने चार पुडांच्या डब्यातलं आंब्याचं लोणचं पुढे केलं, ते मात्र घेतलं.

झोपताना ही म्हणाली, "लग्नाला बावन्न वर्षं झाली. माहेर आणि हॉस्पिटल सोडून बाहेर निजतेय ती आज पहिल्यांदा." मी म्हटलं, "समोरची भिंत ओळंब्यात नाय." ती म्हणाली, "डोळे मिटा, मग सरळ होईल."

सकाळी पावणेसहाला ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं. घरातल्या बाईने सगळ्यांना गरम पाणी दिलं होतं, आम्हालाही. मी सगळ्यांच्या आधी चढलो आणि कंडक्टरच्या शेजारची जागा धरली. ही मागे, समुद्राच्या खिडकीशी. शून्याचं तिकीट घेतलं. गाडी सडा चढून गेली. मग वही काढली, पेन्सिल काढली, आणि तीनदा खाकरलो.

"काय ओ बाबा, पाणी देऊ?"

"नको," मी म्हटलं. "मास्तर, ह्या वस्तीच्या गाड्या... आणखी कुठकुठं जातात?"

एवढं बोलायला मला शहात्तर वर्षं लागली. तो बोटांवर मोजत सांगत गेला. मी एकेक गाव काढलं आणि प्रत्येकापुढे वळकटी काढली. ही मागून वाकून बघत होती. "मासे का काढताय?" म्हणाली. मी दुर्लक्ष केलं. मग फुली मारलेलं पान उघडलं.

"आणि आंजर्ल्याला असते काय, वस्तीची?"

"ते आपल्याकडचं नाय, बाबा. दापोलीकडचं. चौकशीच्या खिडकीवर विचारायला लागेल."

पुन्हा विचारायचं आलंच. मी मागे बघितलं नाही, पण हिने खिडकीकडे तोंड फिरवलेलं मला कळलं, कारण सुरंगीचा वास त्या बाजूला गेला.

साडेसातला रत्नागिरीत उतरलो. हिला स्टँडवरच्या माझ्या बाकावर बसवलं, पिशवी तिच्याजवळ ठेवली. कुत्री आली, त्यांना उरलेली भाकरी दिली. आणि वही काखेत घेऊन मी चौकशीच्या खिडकीसमोर जाऊन उभा राहिलो. माझ्यापुढे तिघं होते.